‘चालु’ म्हणजे पुरे: सोलापुरातल्या आमच्या लार्पचे नियम आणि रीती

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतात आमच्या गटाचा लार्प, म्हणजे वेश करून भूमिका वठवण्याचा खेळ, रंगात आला होता. कथेनुसार एक मुलगा शत्रूचा हेर होता आणि त्याला पकडून छावणीत न्यायचे होते. चौघांनी त्याला घेरले, फोमच्या तलवारी त्याच्या पाठीवर आणि दंडावर पडू लागल्या, तो गुडघ्यांवर आला आणि मोठ्याने ओरडू लागला, ‘चालु! चालु!’ चौघांनी त्याचा अर्थ आपल्या भाषेत लावला: गड्याची तयारी आहे, खेळ चालू ठेवा. म्हणून त्यांनी तो आणखी जोमाने चालू ठेवला. तो मुलगा शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात वाढलेला होता, आणि तेलुगूत ‘चालु’ म्हणजे ‘पुरे’. त्याचे डावे मनगट अंगाखाली मुडपले गेले होते. ते पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागले.

थांबण्याचा शब्द आमच्याकडे त्या दिवशीही होता. परदेशातल्या गटांच्या नियमावल्या वाचून आम्ही ‘होल्ड’ हा शब्द घेतला होता, सकाळी तो सर्वांना दोनदा सांगितला होता, आणि त्या मुलाने तो समजल्याचे मान हलवून सांगितलेही होते. दुखण्याच्या क्षणी मात्र तो शब्द त्याच्या जिभेवर आला नाही. आला तो घरातला शब्द, ताटात आणखी भात वाढला जात असताना आईला म्हणायचा. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. आखडलेला खांदा हलवताना माणसे कोणत्या भाषेत कळवळतात हे मी रोज ऐकते, आणि सोलापुरात ती मराठीइतकीच कन्नड, तेलुगू आणि दखनी असते. तरीही आमच्या नियमावलीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द आमच्यापैकी कोणाच्याच घरातला नाही, हे मला त्या मनगटापूर्वी जाणवले नव्हते. त्या दिवसापासून गटाच्या सुरक्षेची जबाबदारी मी मागून घेतली. त्यानंतर आम्ही एकेक करून जे ठरवत गेलो, ते का ठरवले यासह इथे लिहून ठेवते आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. लाइव्ह अॅक्शन रोलप्ले, म्हणजे लार्प, या खेळात प्रेक्षक नसतात आणि संहिता नसते. प्रत्येकाने एक भूमिका घ्यायची, तिला शोभेल असा वेश करायचा आणि ठरलेल्या जागेत काही तास त्या माणसासारखे वागायचे. कथेचा आरंभ आयोजक देतात, पुढचे सारे खेळणारे घडवतात. अमेरिकेत डॅगोरहिर हा फोमच्या शस्त्रांचा खेळ १९७७ मध्ये सुरू झाला, आणि ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये चेशायरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झाला. या दोन्ही परंपरांमध्ये लढाईला मोठे स्थान असल्यामुळे त्यांचे नियम प्रामुख्याने शरीराला इजा होऊ नये म्हणून घडले: डोक्यावर वार नाही, शस्त्राची तपासणी झाल्याशिवाय मैदानात प्रवेश नाही, कोणी खरोखर पडले तर सर्वांनी जागच्या जागी थांबायचे. उत्तर युरोपातल्या खेळाडूंचे कल वेगळे राहिले. १९९७ पासून नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या देशांत आळीपाळीने भरणाऱ्या त्यांच्या संमेलनात मनाला होणाऱ्या इजेचाही विचार होत गेला. खेळ पूर्ण थांबवण्यासाठी ‘कट’ आणि नुसता वेग उतरवण्यासाठी ‘ब्रेक’ अशी शब्दांची जोडी त्या प्रांतातून जगभर गेली. ही जोडी मला फार शहाणपणाची वाटते, कारण बहुतेकदा माणसाला खेळ सोडायचा नसतो. समोरच्याने आवाज थोडा खाली आणावा किंवा एक पाऊल मागे सरकावे, एवढेच हवे असते.

कल्पना तिकडची ठेवून शब्द आपले शोधायचे, असे ठरवून आम्ही एका रविवारी बसलो. ‘थांबा’ हा शब्द प्रथम सुचला आणि प्रथम बाद झाला, कारण वेशीवरचा पहारेकरी भूमिकेत राहूनच दहा वेळा ‘थांबा!’ म्हणतो. ‘पुरे’, ‘बस’, ‘सोडा’ यांचेही तसेच. मार खाणारे पात्र हे शब्द कथेतसुद्धा उच्चारणारच. सुरक्षेचा शब्द असा हवा की जो कथेतल्या कोणत्याही पात्राच्या तोंडी कधीच शोभणार नाही, आणि तरी जो आठवावा लागणार नाही. बराच वेळ कोणाला काही सुचेना. अखेर एक भगिनी म्हणाल्या की लहानपणी आपण पकडापकडी खेळताना ‘टाइम प्लीज’ म्हणत असू, तेच का नको?

‘टाइम प्लीज’ या दोन शब्दांचा आपल्याकडच्या मुलांनी केव्हाच एकच शब्द केला आहे. चप्पल तुटली, नाडी सुटली, गुडघा फुटला किंवा आईने हाक मारली, की कितीही धावपळीत हा शब्द उच्चारायचा आणि ज्याच्यावर राज्य आहे त्याने तो मानायचा. न मानणाऱ्याशी उद्या कोणी खेळत नाही. गल्लीत सगळ्यांच्या घरची मुले एकत्र खेळत असल्यामुळे कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणाऱ्या भिडूंनाही तो तितकाच जवळचा होता. आमच्यातल्या काही ज्येष्ठांना तो पोरकट वाटला. तलवारी उपसलेल्या असताना कोणी ‘टाइम प्लीज’ ओरडले तर वातावरणाचा पार विचका होईल, असे त्यांचे म्हणणे होते. वातावरणाचा विचका होणे हेच त्या शब्दाचे काम आहे, असे मी तेव्हा म्हटले आणि आजही माझे तेच मत आहे. जो शब्द कानी पडताच खेळाची धुंदी उतरत नाही, तो थांबवणार कोणाला?

शब्दासोबत खूणही हवी होती, कारण वाऱ्यात आणि आरडाओरड्यात आवाज पन्नास पावलांपलीकडे पोचत नाही. ‘टाइम प्लीज’ ऐकणाऱ्या प्रत्येकाने आपला उजवा तळहात स्वतःच्या डोक्यावर ठेवायचा, शस्त्र जमिनीकडे करायचे आणि तोच शब्द पुढे ओरडायचा, असे ठरले. ज्याला ऐकू आले नाही त्याला निदान डोक्यावर हात ठेवून उभी राहिलेली माणसे दिसतात. ज्याला न बोलता एखाद्या प्रसंगातून बाहेर पडायचे असेल, त्यानेही तसाच हात ठेवून निघून जायचे. त्याला कोणी कारण विचारायचे नाही, खेळ संपल्यावरही नाही. वेग उतरवायचा शब्द ‘हळू’ ठरला, तो सर्वांना लगेच पटला. पुन्हा सुरू करण्यासाठी ‘पुढे’ असे म्हणायचे, आणि तेही आयोजकानेच. ‘चालू’ हा शब्द खेळाच्या दिवशी कोणत्याही अर्थाने उच्चारायचा नाही, हा नियम आमच्याशिवाय इतर कोणत्या गटाला लागणार नाही. पण सोलापुरात तो पहिल्या पानावर आहे.

विचारपूस करण्याच्या रीतीवर आम्हाला याहून अधिक वेळ द्यावा लागला. परदेशात एक सोय रूढ आहे: समोरच्याचे बरे आहे ना अशी शंका आली की अंगठा आणि तर्जनी जोडून त्याला खूण करायची, त्याने अंगठा वर, आडवा किंवा खाली करून उत्तर द्यायचे, आणि वर नसलेला अंगठा म्हणजे मदत हवी असे धरायचे. आमच्याकडे ती दोन ठिकाणी अडखळली. एक तर गटातल्या वयस्कर मंडळींना वर केलेला अंगठा म्हणजे ठेंगा वाटतो, आणि ठेंगा हा नकार आहे. दुसरी अडचण अधिक खोल होती. आपल्याकडे कोणाला काही लागले तर आपोआप तोंडातून ‘लागलं का?’ असा प्रश्न निघतो आणि त्याचे उत्तरही आपोआपच ‘नाही, नाही’ असे येते. रक्त येत असले तरी येते. हा विचारणाऱ्याला ओशाळे वाटू नये म्हणून पाळला जाणारा शिष्टाचार आहे, तो चांगलाच आहे, पण त्याने माहिती मिळत नाही. म्हणून आम्ही प्रश्नच बदलला. आता आम्ही ‘थांबू की खेळू?’ असे विचारतो. याला ‘नाही, नाही’ असे उत्तर देता येत नाही. दोनांपैकी एक निवडावे लागते, आणि थांबायचे असेल तर त्यात कोणावर आरोप केल्यासारखे होत नाही. गेल्या दोन वर्षांत एवढ्या एका प्रश्नाने मला जितके मुरगळलेले घोटे वेळेवर दाखवले, तितके दुसऱ्या कोणत्याही नियमाने दाखवले नाहीत.

पाय लागला की चटकन वाकून नमस्कार करण्याची सवय मात्र आम्ही बदलली नाही. लढाईच्या ऐन भरात एकाचा पाय दुसऱ्याला लागतो, लगेच हात त्या व्यक्तीला आणि मग स्वतःच्या छातीला लागतो, आणि लढाई पुढे सुरू होते. नवे खेळाडू विचारतात की भूमिकेत असताना हे चालेल का. ते चालते, त्या अर्ध्या क्षणात समोरच्याचा चेहरा पाहिला जातो, आणि मला हवे असते ते तेवढेच.

शस्त्रांविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण मराठीत याची माहिती फारशी मिळत नाही. आमच्या तलवारीच्या गाभ्याला पीव्हीसीची नळी असते, तिच्यावर फोमचे थर असतात, आणि टोकाला नळीपलीकडे किमान चार बोटे नुसता फोम असतो. नळीच्या तोंडावर झाकण बसवून त्यावर जाड कापडाची गोल चकती चिकटवावी लागते, नाही तर नळीची कड फोम आतून कापत जाते आणि एके दिवशी टोकातून बाहेर येते. बांबू गाभा म्हणून वापरायचा नाही, असा आमचा नियम आहे. तो स्वस्त आणि हलका असला तरी उभा चिरतो, चिरल्यावर त्याच्या धारदार कामट्या होतात, आणि आवरणाखाली चिरलेला बांबू बाहेरून दिसत नाही. वरच्या आवरणाला आरंभी आम्ही चिकटपट्टी गुंडाळत असू. सोलापूरच्या उन्हात गाडीत ठेवलेल्या तलवारीची पट्टी वितळून चिकट होते, नंतर कडक होते, आणि कडक झालेल्या पट्टीचा फटका वळ उठवतो. आता आम्ही टेरी टॉवेलच्या कापडाच्या चिंध्या शिवून घालतो. त्या या शहरात मिळायला अवघड नाहीत, घाम टिपतात आणि धुता येतात. उन्हाने डिंकही मऊ पडतो, त्यामुळे फोमच्या आत नळी सरकू लागते. म्हणून प्रत्येक खेळाच्या सकाळी टोक अंगठ्याने दाबून पाहायचे, पाते वाकवून पाहायचे, मूठ धरून फोम पिळून पाहायचा, आणि शेवटी ज्याची तलवार आहे त्याने तिचा पूर्ण ताकदीचा फटका आधी स्वतःच्या मांडीवर घ्यायचा. तपासणी करणारा आणि शस्त्राचा मालक हे कधीही एक नसतात.

तयार मिळणारी लॅटेक्सची शस्त्रे दिसायला देखणी असतात, आणि आमच्याकडे दोघांजवळ ती आहेत. लॅटेक्स उन्हाने आणि हवेने तडकते, त्याला वरचेवर सिलिकोनचा फवारा लागतो, आणि टोकावर उभे करून ठेवल्यास आतला गाभा बाहेर येऊ शकतो. काही जणांना त्याची अॅलर्जीही असते, म्हणून ती शस्त्रे कोणाच्या हातात आहेत हे आधी जाहीर केले जाते. कोणत्याही शस्त्राने भोसकायचे नाही. फक्त कापल्यासारखा वार करायचा आणि तो लागण्याआधी मनगटात रोखायचा. चेहरा, मान, छाती आणि मांड्यांमधला भाग वर्ज्य. धनुष्यबाण आम्ही ठेवलेलेच नाहीत. ब्रिटनमधल्या खेळांत धनुष्याच्या ताणाला साधारण ३० पौंडांची मर्यादा असते आणि बाणाला फोमचे मोठे टोक असते, पण तिथे बाण तपासणारी अनुभवी माणसे असतात. आमच्याकडे अजून नाहीत, आणि डोळा एकदा गेला की येत नाही.

खंडेनवमीला सोलापुरात घराघरांत हत्यारांची आणि कारखान्यांत मागांची पूजा होते. त्या दिवशी आमच्या गटाची सर्व शस्त्रे एका सतरंजीवर मांडली जातात, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहिली जातात, आणि पूजेआधी प्रत्येक शस्त्राची वर्षाची मोठी तपासणी होते. जे शस्त्र उत्तीर्ण होत नाही त्याचे आवरण तिथेच उसवले जाते. पूजा आणि तपासणी एकत्र आणल्याचा लाभ असा झाला की तपासणीला आता कोणी गैरहजर राहत नाही. माझ्या मते ही आमची सर्वांत चांगली रीत आहे.

वेशाचा एक धोका आमच्या गावाचाच आहे. सोलापुरी चादर खांद्यावरून सोडली की झगा फार भारदस्त दिसतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकजण ती पांघरून येतो. जाड सुती चादर झुडपात अडकते, पायात येते, आणि गळ्याशी गाठ मारलेली असेल तर मागून कोणी तिच्यावर पाय दिल्यास फास बसतो. चादर गाठीने बांधायची नाही. ओढ बसताच सुटेल अशा वेल्क्रोने जोडायची आणि पोटरीच्या खाली जाऊ द्यायची नाही. दुपारी ती पांघरायची नाही. आमचे खेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात होतात, कारण चाळिशीपार जाणाऱ्या उन्हाळ्यात फोमचे चिलखत घालून धावणे हा खेळ नव्हे. आणि थंडीतही अकरा ते साडेतीन आम्ही सावलीतच बसतो. संक्रांतीच्या आगेमागे खेळ नसतो. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, आमच्यातले तिघे आधीचे कित्येक दिवस त्यांच्या सरावाला जातात, आणि उंच, जड काठी कमरेशी पेलून गर्दीतून नेणाऱ्या माणसांकडून तोल आणि शिस्त या दोन गोष्टी आम्ही शिकलो आहोत.

जमिनीची पाहणी मी स्वतः आदल्या दिवशी करते. माझी पहिली नजर विहिरीवर असते. आपल्याकडच्या अनेक शेतविहिरींना कठडा नसतो, काठावर गवत माजलेले असते, आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात पळणाऱ्याला ते गवत सपाट जमिनीसारखे दिसते. विहिरीपासून तीस पावलांवर आम्ही दोर बांधतो, त्यावर पांढऱ्या चिंध्या लावतो, आणि तिथे एक माणूस दिवसभर बसतो. तो कथेत नसतो, त्याला कोणी विनोदानेही खेळात ओढत नाही, आणि हे काम आळीपाळीने सर्वांना करावे लागते. मोटारीच्या वायरी, तुटलेले काटेरी कुंपण, वेड्या बाभळीचे काटे यांची नोंद नकाशावर होते. दगडांच्या राशीत आणि बांधाच्या कपारीत घोणस व फुरसे असू शकतात, म्हणून लपण्यासाठी दगडांची जागा निवडायची नाही आणि घोटा झाकणारे बूट सक्तीचे. सापाने दंश केलाच तर करकचून बांधायचे नाही, चीर द्यायची नाही. हात किंवा पाय हलू न देता सरळ रुग्णालय गाठायचे. एक चारचाकी चालकासह दिवसभर बांधावर उभी असते आणि १०८ चा क्रमांक प्रत्येकाला पाठ असतो. जुन्या बुरुजांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असते. धूर आणि गोंगाट त्याला सहन होत नाही, त्यामुळे मशालींचे प्रसंग आम्ही बॅटरीच्या दिव्यांवर भागवतो.

भुईकोट किल्ल्यात खेळावे, असे प्रत्येक नव्या खेळाडूला वाटते. तो संरक्षित स्मारक आहे, तिथे लोक कुटुंबासह फिरायला येतात, आणि परवानगीशिवाय असा कार्यक्रम करणे योग्यही नाही व कायदेशीरही नाही. किल्ला पाहायला आम्ही जातो, साध्या वेशात. नान्नजच्या माळरानाचेही तसेच. ते माळढोकाचे अभयारण्य आहे, आणि तिथे पळापळ करण्याचा विचारही नको.

आता ज्या नियमाविषयी मी कोणाशीही तडजोड करत नाही, त्याकडे येते. खेळाच्या वेशात गावातून जायचे नाही, रस्त्यावर थांबायचे नाही, आणि कोणाच्याही मुलाशी बोलायचे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. अनोळखी वेशातल्या अनोळखी माणसाविषयी पसरलेली एक अफवा काय करू शकते हे या जिल्ह्याने पाहिले आहे. ती माणसे खेळत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीने पोट भरायला निघाली होती. आम्ही तर हौसेने वेश घालतो, त्यामुळे आमची जबाबदारी अधिक आहे. खेळाआधी आठ दिवस सरपंच आणि पोलीस पाटील यांना आम्ही प्रत्यक्ष भेटतो, काय होणार आहे ते फोटो दाखवून सांगतो, आसपासच्या वस्त्यांवर जाऊन चहा घेतो आणि त्यांना पाहायला बोलावतो. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. तसा आदेश लागू असेल तर खेळ पुढे ढकलतो. खेळात कोणाला बांधून नेण्याचा प्रसंग रस्त्यावरून दिसेल अशा ठिकाणी होत नाही, आणि हात खरोखर कधीच बांधले जात नाहीत. दोरी नुसती मनगटावर ठेवायची, हवी तेव्हा झटकता येईल अशी.

वेशाच्या या प्रश्नात मला आपल्या बहुरूप्यांची आठवण येते. बहुरूपी फौजदार होऊन दारात येई, वॉरंट काढी, घरातल्यांना दरडावी, आणि अखेर आपली ओळख देऊन बिदागी मागे. सोंग कितीही वठले तरी ते उतरवून दाखवल्याशिवाय तो उंबऱ्यावरून हलत नसे. ही ओळख देण्याची रीत आम्ही घेतली आहे. खेळ संपल्यावर सर्वजण गोल बसतात, प्रत्येकजण वेशातली एक वस्तू काढून समोर ठेवतो, आपले खरे नाव सांगतो, आणि ज्याच्याशी खेळात वैर होते त्याला पाणी देतो. चार तास कोणाचा द्वेष केल्यावर तो द्वेष लगेच ओसरत नाही. ज्याच्याकडून विश्वासघात झाला त्याच्याशी घरी जाताना बोलावेसे वाटत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. पाण्याच्या तांब्याने ते सारे जाते असे मी म्हणणार नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एक फोनही केला जातो. बहुरूप्याची खाकी वर्दी मात्र आम्ही घेतलेली नाही. लोकसेवकाची बतावणी करणे आणि फसवण्याच्या हेतूने त्याचा गणवेश घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ आणि २०५ खाली गुन्हा आहे. आमचा हेतू तसा नसला तरी लांबून पाहणाऱ्याला हेतू दिसत नाही, म्हणून पोलीस आणि लष्कर यांचे वेश पूर्ण वर्ज्य.

कोणत्या भूमिका घ्यायच्या नाहीत, यावर फारसा वाद झाला नाही. देव, संत आणि छत्रपती यांच्या भूमिका नाहीत. कोणत्याही जातीचे नाव पात्राला नाही. बाईवर होणाऱ्या अत्याचाराचा प्रसंग नाही, उल्लेखानेही नाही. एकदाच मोठी चर्चा झाली, ती ब्रिटिशांनी मे १९३० मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉवर खेळ रचावा असे एकाने सुचवले तेव्हा. विषय सोलापूरच्या अभिमानाचा आहे. पण मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली गेली, हे आपल्या शहराचे खरे दुःख आहे. त्यांच्या जागी उभे राहून कोणी दुपारभर खेळावे, हे मला मान्य नव्हते, आणि बहुमतही तसेच पडले.

स्पर्शाचा नियम सोपा आहे: शस्त्राखेरीज फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हात लावता येतो, तोही विचारून. मुली दिवस मावळायच्या आत घरी पोचल्या पाहिजेत, ही बहुतेक घरांची अट असते. ती अट बरोबर की चूक यावर वाद घालण्याऐवजी आम्ही सर्वांसाठीच खेळ पाचला संपवतो, म्हणजे शेवटचा प्रसंग मुलींविना होत नाही. पहिल्या खेळाआधी त्यांच्या आईवडिलांना शेतावर बोलावतो. शेताच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. तिथे चप्पल काढून नारळ फोडल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, आणि त्या दगडाच्या आसपास लढाई येऊ देत नाहीत. खोबरे वाटून संपेपर्यंत प्रत्येकजण प्रत्येकाला नावाने ओळखू लागतो.

लहानपणच्या खेळांतून घेतलेली दुसरी गोष्ट म्हणजे कच्चं लिंबू. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही, ही आपल्या अंगणातली जुनी माया. आमच्याकडे दंडावर पिवळी फीत बांधलेला खेळाडू कच्चं लिंबू असतो. त्याच्यावर वार करायचा नाही. त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर तलवार थांबवून ‘लागला’ म्हणायचे. पहिल्यांदा आलेले, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, गरोदर, किंवा आज नुसता थकवा असलेले, कोणीही ती फीत बांधू शकते. सुरुवातीला कोणी ती बांधायला तयार होत नव्हते. गटातल्या सर्वांत ज्येष्ठ आणि तलवारीत सर्वांत तरबेज असलेल्या अण्णांनी एका सकाळी पाठ धरली म्हणून ती सगळ्यांदेखत बांधली, आणि त्यानंतर फितींचा डबा कधी भरलेला राहिला नाही.

गेल्या डिसेंबरात त्याच शेतावर खेळ होता. मनगट दुखावलेला तो मुलगा आता चांगला लढवय्या झाला आहे. बांधावर वस्तीवरची दहाबारा मुले पाहायला बसली होती. उतरत्या दुपारी एका मुलीचा पाय काळ्या मातीच्या भेगेत गेला, आणि तिच्या शेजारी असलेल्या त्याच मुलाने सर्वांत आधी ‘टाइम प्लीज’ असा आवाज दिला. शेतभर हात डोक्यांवर गेले. मी तिचा घोटा पाहण्यासाठी धावले, ‘थांबू की खेळू?’ विचारले, आणि ती म्हणाली, ‘थांबू.’ घरातली बाज आणून तिला सावलीत नेईपर्यंत दहा मिनिटे गेली. परत वळून पाहिले तर बांधावरची सगळी मुलेही डोक्यावर हात ठेवून उभी होती, एकही हलला नव्हता. आयोजकांनी ‘पुढे’ म्हटल्यावर ती खाली बसली.